झाकणाचा इतिहास

इतिहासात राजे असतात, लढाया असतात, नाणी आणि खापरं असतात, झाकणं नसतात. छत्तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला, पण सिंधू संस्कृतीतल्या रांजणांवर काय झाकत असतील, असा प्रश्न पाठ्यपुस्तकाने कधी विचारला नाही. तो मला सत्तरीनंतर पडला, आणि त्याला कारण झाली घरातली माशांची टाकी.

टाकी ह्यांची. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. आधी लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी भरून काचा बसवलेली होती. ती गळायला लागल्यावर ही नुसत्या काचेची, सिलिकॉनने चिकटवलेली आणली. रेवदंड्यात मासा बघायचा तो ताटात, त्यामुळे शेजारीपाजारी ह्यांची भरपूर चेष्टा व्हायची. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. गप्पी आणि गुरामी आहेत, पण टाकीवरचं पत्र्याचं झाकण पार गंजलं. आमच्याकडचा खारा वारा बिजागऱ्या, कडीकोयंडे, सायकली, कशालाच सोडत नाही. त्यात झाकणाच्या पोटातच ट्यूब आणि चोक. दिवाळीत नात खाणं टाकायला गेली आणि किंचाळली. वायरमनने टेस्टर लावला तर पत्र्यात करंट! मुलगा म्हणाला, "आई, आता टाकीच काढून टाकू या." मी म्हटलं, झाकण काढू, टाकी नाही.

मग सवयीप्रमाणे वाचायला बसले. तर मंडळी, या सगळ्याची सुरुवात माशांपासून नाही, एका बाटलीपासून होते. लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. कोळशाच्या धुराने त्यांच्या बागेतले नेचे जगत नसत. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा एक कोश ओल्या मातीत पुरून झाकणाच्या बाटलीत ठेवला. कोश बाजूलाच राहिला. मातीतून एक नेचा आणि एक गवताचं रोप वर आलं. दिवसा ऊब लागली की आतली वाफ काचेवर जमे आणि तेच पाणी पुन्हा मातीत उतरे. वरून थेंबभर पाणी न घालता ती रोपं जवळजवळ चार वर्षं जगली. आणि मेली कशाने? डॉक्टर घरी नसताना बाटलीचं झाकण गंजलं आणि पावसाचं पाणी आत शिरलं!

हे वाचून मी चष्मा काढून थोडा वेळ त्या आमच्या पत्र्याकडे बघत बसले.

वॉर्डसाहेबांनी पुढे काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ साली त्या बोटीने ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या आणि रोपं जिवंत पोचली. अशाच पेट्यांतून पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याशी आणली. एका झाकणाच्या पोटी केवढं साम्राज्याचं राजकारण! असो.

माशांकडे येते. १८४५ साली इंग्लंडात काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. १८४६ मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी समुद्रातले प्रवाळ लंडनला घरी आणून ठेवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. इतिहासात नाव बाईंचं राहिलं, ओतणारीचं नाही. १८५० मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने सांगितलं की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी बराच काळ चांगलं राहतं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, आणि दुसऱ्या वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घरोघरी नेला. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५१ साली सुरू झालं.

पण रोपांची पेटी बंद चालते, माशांची चालत नाही. आमची गुरामी तर वर येऊन चक्क हवा गिळते. उघडंही ठेवता येत नाही, कारण मासे उड्या मारतात. शिवाय पाणी उडतं. आमच्या टाकीतली पातळी एक सेंटिमीटर उतरली की पावणेदोन लिटरहून जास्त पाणी गेलेलं असतं. पेण-उरणकडची मिठागरं पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको. पाणी जातं, क्षार मागे राहतात.

झाकण आणि मासा यांची गाठ आपल्याकडे मुंबईत वेगळ्याच कारणाने पडली, ती मला या इतिहासातली सगळ्यात रंजक गोष्ट वाटते. १८९७ साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधले. मुंबईतल्या हिवतापाची चौकशी डॉ. बेंटले यांनी केली. १९११ च्या त्यांच्या अहवालात बोट विहिरींकडे होतं, डास तिथे वाढत होते. तोवर शहरात तानसाचं नळाचं पाणी आलेलं होतं, तेव्हा पालिकेचं म्हणणं सरळ होतं: विहिरी बुजवा, नाहीतर घट्ट झाका. पण पारशांना आणि हिंदूंनाही धर्मकृत्यांसाठी विहिरीचंच पाणी हवं, आणि तेही उघडं. (१७२५ साली खोदलेली भिखा बेहराम विहीर चर्चगेटजवळ आजही आहे.) या ओढाताणीतून दोन मधले मार्ग पुढे आले. झाकणाला बारीक जाळीचं दार ठेवायचं, किंवा डासांच्या अळ्या खाणारे मासे विहिरीत सोडायचे. पालिकेचा आग्रह चुकीचा नव्हता, हिवतापाने माणसं मरत होती. पण लोकही नुसते हटवादी नव्हते, असं मला वाटतं. पाण्याला ऊन-वारा लागला पाहिजे ही समजूत माझ्या सासूबाईंचीही होती. आमच्या वाडीतल्या विहिरीला झाकण नव्हतं, मासे होते.

गप्पी त्याच अळ्या खाणाऱ्यांतला. (नावाचा गप्पांशी संबंध नाही. त्रिनिदादहून हा मासा लंडनला पाठवणाऱ्या गृहस्थांचं आडनाव गप्पी.)

मग झाकण ठरलं. धातू कुठेही नको. मुलगा अ‍ॅक्रिलिकची शीट म्हणत होता, पण खालून दमट आणि वरून कोरडं राहिलं की अ‍ॅक्रिलिक बाक धरतं. म्हणून साधी पाच मिलिमीटरची काच. अलिबागच्या काचवाल्याकडून दोन तुकडे कापून, कडा घासून आणले, लांबीला आतल्या मापापेक्षा तीन मिलिमीटर कमी. टाकीच्या काठाच्या इंचभर खाली, आतल्या बाजूने काचेचे छोटे तुकडे सिलिकॉनने चिकटवले (व्हिनेगरसारखा वास सुटतो, तो जाईपर्यंत थांबायचं, मासे तोवर बादलीत). त्यांवर ही दोन झाकणं टेकतात. आत टेकल्यामुळे खाली जमलेली वाफ बाहेर न ओघळता टाकीतच पडते. पुढच्या तुकड्याला प्लास्टिकची मूठ, खाणं टाकायला. मागे दोन इंच फट, तिथून फिल्टरची नळी येते. तिच्यावर मच्छरदाणीची नायलॉनची जाळी. दिवा आता एलईडी, काचेच्या वर, कोरड्यात, प्लास्टिकच्या पायांवर. आणि वायर प्लगाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर नेली, म्हणजे चुकून थेंब ओघळला तरी झोळाच्या टोकाशी गळून पडेल, प्लगात शिरणार नाही. हे वायरमनने सांगितलं, आणि जाताना परत टेस्टर लावून नातीला दाखवलं. ती तरीही दोन दिवस लांबूनच खाणं फेकत होती.

जुना पत्रा भंगारवाला घेऊन गेला. चोकमधल्या तांब्याचे त्याने वेगळे पैसे दिले.