तसबिरीवरच्या झेंडूची कुळकथा

दसरा जवळ आला की भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात. त्याआधी जेमतेम दहा दिवस पितृमोक्ष अमावास्या होऊन गेलेली असते, पण तेव्हा झेंडूला कुणी विचारत नाही. श्राद्धाला तीळ, दर्भ, पांढरी फुलं आणि कावळ्याला घास. भडक रंगाची, उग्र वासाची फुलं पितरांना वर्ज्य.

मेक्सिकोत याच्या अगदी उलट. तिथं १ नोव्हेंबरला लहानपणीच गेलेल्या मुलांची आठवण करतात, २ तारखेला मोठ्यांची. घरात वेदी मांडून तिच्यावर फोटो, पाणी, मीठ, पाव आणि गेलेल्याच्या आवडीचं जेवण ठेवतात. दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्या पसरतात. त्या रंगावासाच्या मागावर मृतांना घर सापडतं, अशी श्रद्धा. २००८मध्ये युनेस्कोनं ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

झेंडू मूळचा त्याच मुलखातला. बर्नार्दिनो दे साहागुन या स्पॅनिश पाद्र्यानं सोळाव्या शतकात तिथल्या मूळनिवासी नाहुआ लोकांकडून माहिती घेऊन मोठा ग्रंथ सिद्ध केला. सणावारातल्या या फुलाची नोंद त्यात आहे. पुढं स्पॅनिशांबरोबर बी युरोपात गेलं आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर असं माजलं, की युरोपीय त्याला आफ्रिकेचंच समजू लागले. आपल्याकडं ते पोर्तुगिजांमार्फत आलं, असं मानतात.

इथं ते टिकलं स्वतःच्या गुणांवर. वाळलेलं फूल चुरगाळलं की पुढच्या वर्षाचं बी तयार. एकेक फूल म्हणजे बारीक फुलांचा दाट गुच्छच. सुई खालच्या हिरव्या बोंडातून ओवली की पाकळ्या गळत नाहीत, माळ दोन-तीन दिवस सहज तग धरते. म्हणून तोरण त्याचं, वाहनावरचा हार त्याचा.

पितरांपर्यंत मात्र तो पोचला तसबिरीच्या वाटेनं. कॅमेरा भारतात आला एकोणिसाव्या शतकात. भिंतीवरच्या आजोबांना कोणतं फूल चालतं, हे जुन्या ग्रंथांत असणार तरी कसं? तिथं झेंडूला आडकाठी झाली नाही.

श्राद्धाच्या पानातला लाल भोपळाही अमेरिका खंडातलाच. तेव्हा पितरांच्या बाबतीत ‘हे आपल्यात चालत नाही’ म्हणण्याआधी, जे चालतं ते कधीपासून, एवढं विचारून घ्यावं.