बावधन : उपनगरातील घर आणि समाजजीवन – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पुणे शहराच्या पश्चिमेस, पौड रस्ता आणि मुंबई–बंगळूर महामार्गाचा बाह्यवळण रस्ता जेथे एकत्र येतात त्या चांदणी चौकालगत बावधन वसलेले आहे. मुळशी तालुक्याच्या इतिहासातील हे बावधन सातारा जिल्ह्यातील, बगाड यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या बावधनहून वेगळे होय. बावधन खुर्द व बावधन बुद्रुक अशी त्याची दोन महसुली गावे. फारसीतील ‘खुर्द’ म्हणजे लहान आणि ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर. त्यावरून आलेली ही जोडनावे महाराष्ट्रभर आढळतात. दोन-तीन दशकांच्या अवधीत या गावाचे उपनगरात रूपांतर झाले.

उपनगरांचा इतिहास सामान्यतः रस्ते, इमारती आणि लोकसंख्येचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. परंतु घराची रचना बदलली की शेजाराचे स्वरूप बदलते आणि शेजार सांभाळणाऱ्या संस्थाही बदलतात. बावधनमध्ये हा बदल कोणत्या क्रमाने घडला आणि त्यात सामुदायिक निर्णयाचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. तुलनेसाठी कॅनडातील टोरांटो परिसराच्या उपनगरांचा विचार केला आहे.

पांढरी, काळी आणि गावकी

मराठी मुलखातील गावाची परंपरागत मांडणी ‘पांढरी’ आणि ‘काळी’ या दोन शब्दांत सामावलेली आहे. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसण्याची जमीन. घर पांढरीत आणि पोट काळीवर, असा हा संबंध होता. ओसरी, माजघर, परसू आणि गुरांचा गोठा असलेले घर हे राहण्याचे ठिकाण होते, तसेच ते शेतीच्या कामाचेही ठिकाण होते. धान्य वाळवणे, अवजारे दुरुस्त करणे, पाहुण्यांची ऊठबस ही कामे अंगणात चालत; त्यामुळे खासगी आणि सार्वजनिक यांच्यातील सीमा पुसट होती. चावडी, पार, मंदिर, तालीम आणि पाणवठा ही एकत्र येण्याची ठिकाणे होती. भाऊबंदकीचे प्रश्न भावकीत आणि गावाचे प्रश्न गावकीत सोडवले जात.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पार सर्वांसाठी नव्हता, पाणवठे जातिपरत्वे वेगळे होते आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला गावकीत बरोबरीचे स्थान नव्हते. स्त्रियांचा निर्णयप्रक्रियेतील सहभाग नगण्य होता. प्रौढ मताधिकारावर आधारलेली ग्रामपंचायत आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील ग्रामसभा यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. त्यासाठी जमीन, घर किंवा जात यांची अट नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले. गावकीकडून ग्रामसभेकडे झालेले हे संक्रमण व्यवहारात अपुरे राहिले असेल. तत्त्वतः मात्र ते मूलगामी होते.

शहराची पश्चिमेकडील वाटचाल

पुणे महानगरपालिका १९५० मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षी पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९५५ मध्ये खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी कार्यरत झाली. या दोन संस्थांमधील पट्ट्यात बावधन येते. तथापि संस्था आल्या म्हणून वस्ती लगेच वाढली नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे उद्ध्वस्त झाले आणि गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या नव्या वसाहतींतून पुणेकर पेठांबाहेर राहू लागले. वाड्यातील बिऱ्हाडकरू मालकीच्या घराचे स्वप्न पाहू लागला, त्याचा हा काळ.

या स्वप्नाला कायद्याची चौकटही याच सुमारास मिळाली. सहकारी गृहनिर्माणाची परंपरा मुंबईतील गावदेवी येथे १९१५ मध्ये स्थापन झालेल्या सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेपर्यंत मागे जाते. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम यांमुळे मध्यमवर्गाला बहुमजली इमारतीत मालकीचे घर घेणे सुकर झाले. पुढील काळात कोथरूड भरत गेले आणि पौड रस्त्याने शहर चांदणी चौकाच्या टेकडीला येऊन भिडले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. कोथरूड आणि हिंजवडी या दोहोंना बाह्यवळण रस्त्याने जोडलेल्या बावधनच्या काळ्या जमिनीला यामुळे बिनशेती मूल्य आले. २००१ मध्ये २५ लाख ३८ हजार असलेली महापालिका क्षेत्राची लोकसंख्या २०११ मध्ये ३१ लाख २४ हजारांवर गेली. या वाढीचा मोठा वाटा शहराच्या कडेवरील गावांनी पेलला.

सोसायटी : नवे घर, नवी गावकी

बावधनमधील नवे घर म्हणजे प्रामुख्याने गृहसंकुलातील सदनिका. अंगणाची जागा बाल्कनीने, पाराची जागा क्लब हाउसने आणि वेशीची जागा सुरक्षारक्षकाच्या चौकीने घेतली. वेगवेगळ्या प्रांतांतून, भाषांतून आलेली कुटुंबे एका जिन्यात राहू लागली. गणेशोत्सव, कोजागरी आणि दिवाळी पहाट यांतून ओळखी वाढल्या. अशा सहजीवनास कृत्रिम म्हणून हिणवणे अन्यायाचे ठरेल. जातीची विचारपूस न होता शेजार लाभणे ही अनेकांच्या दृष्टीने मुक्तीच होती.

या सहजीवनाचा पाया मात्र व्यवस्थापनाचा आहे. पाण्याचा टँकर, कूपनलिका, लिफ्टची दुरुस्ती, देखभाल खर्च आणि पार्किंग हे वार्षिक सर्वसाधारण सभेचे नित्याचे विषय होत. सार्वजनिक सेवा पोहोचण्यापूर्वी घरे उभी राहिल्यामुळे, एरवी नगरपालिकेने करावयाची कामे सोसायटीच्या सचिव-खजिनदारांवर येऊन पडली.

येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. ग्रामसभा ही मतदारांची सभा आहे, तर सोसायटीची सर्वसाधारण सभा ही मालकांची सभा आहे. सदनिकेत दहा वर्षे राहिलेल्या भाडेकरूला तेथे मताधिकार नाही. घरकामास येणारी स्त्री, सुरक्षारक्षक आणि वाहनचालक यांच्या श्रमावर संकुल चालते, पण त्यांच्यासाठी ही सभा अस्तित्वातच नसते. जुनी गावकी वतनावर आधारलेली होती. नवी गावकी मालमत्तेवर आधारलेली आहे.

एक नाव, दोन कारभार : १९९७ ते २०२१

सप्टेंबर १९९७ मध्ये पुण्याभोवतालची ३८ गावे महापालिकेत समाविष्ट करण्यात आली. विरोधानंतर त्यांपैकी काही गावे पूर्णतः व काही अंशतः वगळण्यात आली आणि २३ गावे शहरात राहिली. बावधन खुर्द त्यांत होते. बावधन बुद्रुक बाहेर होते. परिणामी जवळपास चोवीस वर्षे एकाच नावाच्या लगतच्या वस्त्यांपैकी एकीचा कारभार महापालिकेकडे आणि दुसरीचा ग्रामपंचायतीकडे राहिला.

निसर्गाला ही हद्द मान्य नव्हती. भूगाव–भुकूम परिसरात उगम पावणारी रामनदी बावधनमधून पाषाणकडे आणि तेथून मुळेकडे वाहते. वरच्या अंगाला सोडलेले सांडपाणी खालच्या अंगाला पोहोचते आणि पात्रालगतच्या भरावाचे परिणाम पावसाळ्यात सर्वांनाच भोगावे लागतात. चांदणी चौकातील कोंडी हाही असाच सामाईक प्रश्न होता. तेथील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री नियंत्रित स्फोटाने पाडण्यात आला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी नव्या उड्डाणपूल प्रकल्पाचे उद्घाटन झाले. नदी, टेकडी आणि रस्ता यांपैकी कोणताही प्रश्न सोसायटीच्या कुंपणात सुटणारा नव्हता.

टोरांटोचा दाखला

कॅनडातील उपनगरे दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने वाढली. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय गृहकर्ज महामंडळाने मध्यमवर्गाच्या घरांना आधार दिला. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी टोरांटोच्या उत्तरेस, नॉर्थ यॉर्क टाउनशिपमध्ये ई. पी. टेलर या उद्योगपतीने डॉन मिल्स ही वसाहत उभारली. मॅकलिन हॅनकॉक यांच्या आराखड्यात चार वस्त्या, प्रत्येक वस्तीच्या केंद्रस्थानी प्राथमिक शाळा आणि मध्यभागी बाजारपेठ अशी योजना होती. पाणी व सांडपाण्याच्या व्यवस्थेचा खर्च विकासकाने उचलावा, अशी तेथील स्थानिक शासनाची भूमिका होती. म्हणजे तेथे सेवा आणि घर यांची सांगड आरंभीच घातली गेली. बावधनमध्ये घर आधी आले आणि सेवा मागाहून.

गावे शहरात विलीन करण्याचा प्रश्न तेथेही वादग्रस्त ठरला. १९७४ मध्ये मिसिसॉगा शहराची निर्मिती होताना स्ट्रीट्सव्हिल हे लहान नगर त्यात विलीन करण्यात आले. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या तेथील महापौर हेझल मॅकॅलियन नव्या शहराच्या परिषदेत निवडून गेल्या आणि १९७८ ते २०१४ अशी छत्तीस वर्षे मिसिसॉगाच्या महापौर राहिल्या. टोरांटो महानगरातील सहा नगरपालिकांचे एकत्रीकरणही, मार्च १९९७ च्या सार्वमतात तीन-चतुर्थांशांहून अधिक मतदारांनी विरोध नोंदवूनही, १ जानेवारी १९९८ रोजी अमलात आले. या उदाहरणांत लोकमत डावलले गेले हे खरे. परंतु जुनी परिषद संपली तेव्हा नवी निवडून आलेली परिषद तिची जागा घेण्यास सिद्ध होती. कॅनडातील स्थानिक शासनाची संपन्नता बावधनला लाभणे दूरची गोष्ट असली, तरी हे सातत्य राखण्यास संपन्नतेची गरज नव्हती.

२०२१ नंतरची पोकळी

३० जून २०२१ रोजी बावधन बुद्रुकसह २३ गावे पुणे महापालिकेत आली आणि तिचे क्षेत्र त्या वेळी सुमारे ५१६ चौरस किलोमीटर झाले. ग्रामपंचायत संपुष्टात आली. जुलै २०२१ मध्ये या गावांसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नियुक्ती झाली. नागरी सेवा एका संस्थेकडे आणि नियोजन दुसरीकडे, असा नवा द्विभाजित कारभार त्यातून उद्भवला.

तेव्हाची महापालिका २०१७ च्या निवडणुकीतून आलेली होती. त्या निवडणुकीत बावधन बुद्रुकच्या मतदारांचा सहभाग नव्हता. मार्च २०२२ मध्ये तिचीही मुदत संपून प्रशासकीय राजवट आली आणि नव्या सभागृहासाठी मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. याचा अर्थ, साडेचार वर्षे बावधन बुद्रुकच्या नागरिकांनी निवडून दिलेला एकही स्थानिक प्रतिनिधी नव्हता. या काळात सामुदायिक प्रश्न मांडणारी संघटित संस्था म्हणून सोसायट्या व त्यांचे महासंघ शिल्लक राहिले. त्यांनी पाठपुरावा केला हे स्पृहणीयच. पण सोसायटी ज्यांना सदस्य मानत नाही अशा भाडेकरूंचे, गावठाणातील भूमिहीनांचे आणि चाळीतील कामगारांचे म्हणणे कोणत्या सभेत मांडले जावे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

निष्कर्ष

बावधनच्या इतिहासात सामुदायिक निर्णयाची तीन रूपे आढळतात : वतनावर आधारलेली गावकी, मताधिकारावर आधारलेली ग्रामसभा आणि मालकीवर आधारलेली सोसायटी. कालक्रमाने शेवटची असलेली संस्था लोकशाहीच्या दृष्टीने सर्वांत पुढची असतेच असे नाही. शहरीकरणामुळे येथे रस्ते व सोयी आल्या किंवा येत आहेत. परंतु त्याच प्रक्रियेत प्रत्येक रहिवाशाला नावानिशी सामावून घेणारी सभा लोप पावली. चार सदस्यांचा विस्तीर्ण प्रभाग आणि क्षेत्रीय कार्यालय ही तिची जागा घेऊ शकत नाहीत.

७४ व्या घटनादुरुस्तीने महानगरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. तिच्या कक्षेत मोहल्ल्याच्या पातळीवरील, मतदारांच्या खुल्या सभांना नियमित स्थान मिळाल्यास ग्रामसभेचा वारसा उपनगरात टिकून राहील. गावाचे शहर होणे अपरिहार्य असेलही. मात्र ग्रामसभेचा सदस्य असलेला मनुष्य शहरात केवळ मिळकतकर भरणारा ग्राहक होणे अपरिहार्य नाही.