मॅग्नेशियाची भुकटी आणि ब्लॅकचा तराजू

पोटात जळजळू लागले म्हणजे खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याचा उपाय आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. थोड्याच वेळात ढेकर येतो आणि आपल्याला हायसे वाटते. येथे दोन गोष्टी घडतात. सोड्यामुळे जठरातील आम्लाचा आंबटपणा मारला जातो, आणि सोड्यात कोंडलेला वायू मोकळा होतो. ढेकर आला म्हणजेच आम्ल मेले, असे आपण समजतो. परंतु या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. हे प्रथम तराजूने दाखवून देणाऱ्या जोसेफ ब्लॅकची हकीकत आपण पाहू.

अठराव्या शतकात मूतखडा हा ब्रिटनमधील मोठा भयंकर विकार होता. भूल देण्याची सोय नसल्याने शस्त्रक्रियेच्या कल्पनेनेच रोगी गर्भगळीत होत. त्यामुळे जोआना स्टीफन्स नावाच्या बाईकडून तिच्या औषधाची कृती मिळवण्यासाठी 1739 साली पार्लमेंटने 5000 पौंड दिले! औषध कसले, तर भाजलेली अंड्यांची टरफले, गोगलगायी आणि साबण. पुढे चुन्याची निवळीही मूतखड्यावर देऊ लागले. तो चुना शिंपल्यांचा असावा की चुनखडीचा, यावर एडिंबरो विद्यापीठातील व्हिट आणि ऑल्स्टन या दोन प्राध्यापकांत कडाक्याचा वाद जुंपला.

ब्लॅक त्या वेळी तेथेच वैद्यकाचा विद्यार्थी होता. गुरुजनांच्या भांडणात न पडता त्याने पांढरा मॅग्नेशिया हा निराळाच पदार्थ हाती घेतला. पोटातील आंबटपणावर आणि सौम्य रेचक म्हणून तो वापरात होता. 1754 साली ब्लॅकने पदवीसाठी लॅटिन प्रबंध सादर केला, त्याचा विषयच मुळी अन्नापासून होणारे आम्ल आणि हा मॅग्नेशिया असा होता. त्यातील प्रयोगांचा विस्तार त्याने 1756 साली प्रसिद्ध केला.

मॅग्नेशियावर आम्ल ओतले की तो फसफसतो. ब्लॅकने तो कडक भाजला, तेव्हा त्याचे निम्म्याहून अधिक वजन घटले. भाजताना निघालेले पाणी तर अगदी थोडे भरले. मग बाकीचे वजन गेले कोठे? भाजलेली भुकटी आम्लात टाकली, तर ती विरघळली, तिने आम्ल पूर्वीसारखेच मारले, पण फेस मात्र आला नाही. नंतर त्या द्रावणात त्याने राखेतून काढलेला क्षार घातला. तेव्हा तळाशी बसलेल्या मॅग्नेशियाचे वजन जवळजवळ पहिल्याइतके भरले, आणि तो पुन्हा फसफसू लागला. याचा अर्थ उघड होता. भट्टीत एक वायू निघून गेला होता, आणि तोच क्षाराकडून परत मिळाला होता.

येथे चुन्याचेही कोडे सुटले. भट्टीतील अग्नी चुन्यात शिरतो, म्हणून चुनकळी दाहक होते, अशी तोवरची समजूत होती. ब्लॅकने ती उलटी केली. चुनकळीत काही शिरत नाही. चुनखडीतून वायू जातो, म्हणून ती दाहक बनते. या वायूला त्याने ‘बद्ध वायू’ अशा अर्थाचे नाव दिले. आपला श्वास, जळता कोळसा आणि आंबणारे मद्य यांतूनही तोच वायू निघतो, हेही पुढे त्याने दाखवले. हाच आपला कार्बन डायऑक्साइड. हवा म्हणजे एकच एक पदार्थ, ही समजूत तेव्हापासून डळमळू लागली.

जठरातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे विल्यम प्राउटने 1823 साली लंडनमध्ये सिद्ध केले. सोडा ते मारतो, तेव्हा मीठ, पाणी आणि ब्लॅकचा वायू निर्माण होतो. मिल्क ऑफ मॅग्नेशियाही आम्ल मारते, पण त्यात हा वायू नसल्याने फेस येत नाही. म्हणून ढेकर ही गुणाची खूण नव्हे.

ब्लॅकच्या हकीकतीतून आणखी एक विवेक आपण शिकावा. आम्ल मारणे वेगळे आणि रोगाचे मूळ काढणे वेगळे. जठरातील व्रणाच्या मुळाशी पुष्कळदा एक जिवाणू असतो, हे ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांच्या 1982 सालापासूनच्या संशोधनातून दिसून आले. 2005 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत किती रुग्णांनी वर्षानुवर्षे भुकट्या घेऊन व्रण तसाच बाळगला असेल! चिमूटभर सोड्याने घटकाभर आराम पडतो, हे खरे. पण तीच जळजळ पुन्हा पुन्हा होऊ लागली, तर सोड्याचा डबा बाजूला ठेवून डॉक्टरांचे दार गाठणेच शहाणपणाचे.