मुक्ता साळवेचा निबंध : वर्गातील अपेक्षेचा एक लिखित पुरावा

१८५५ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत 'ज्ञानोदय' या मिशनरी नियतकालिकाच्या दोन अंकांतून मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तो लिहिणारी मुक्ता साळवे तेव्हा चौदा वर्षांची होती. ती मांग समाजातील होती आणि पुण्यात जोतीराव फुले यांनी चालविलेल्या शाळेत शिकत होती. दलित स्त्रीच्या मराठी लेखनाचा आरंभ म्हणून या निबंधाचा उल्लेख आता सर्वत्र होतो. सुसी थारू व के. ललिता यांच्या १९९१ च्या संकलनामुळे तो इंग्रजी वाचकांपर्यंतही पोहोचला. परंतु हा एका विद्यार्थिनीचा निबंध आहे, वर्गात झालेल्या अध्यापनाचे ते फलित आहे, याकडे वाङ्मयेतिहासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. शिक्षणाच्या इतिहासाची साधने पटसंख्या, अनुदान आणि विषयांची यादी सांगतात. शिक्षकाने विद्यार्थ्याकडून नेमके काय अपेक्षिले होते, हे त्यांतून क्वचितच उमगते. मुक्ताच्या निबंधातून मात्र ते उमगते.

या अपेक्षेचे मोल कळण्यासाठी तिच्या विरुद्ध बाजूस काय होते ते पाहणे अगत्याचे आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८२३ च्या आपल्या शिक्षणविषयक टिपणात एक कबुली दिली होती : खालच्या मानलेल्या जातींची मुले सर्वांत चांगले विद्यार्थी ठरतात, असा मिशनऱ्यांचा अनुभव आहे. त्याच टिपणात त्याने पुढे असा इशाराही दिला की अशांना विशेष उत्तेजन देताना सावध असावे. नवे शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर ते वरच्या वर्गांपर्यंत कधीच पोहोचणार नाही. या मुलांच्या कुवतीबद्दल सरकारला शंका होती, असे त्यामुळे म्हणता येत नाही. कुवत ठाऊक असूनही तिच्याकडे पाठ फिरवण्याचे हे धोरण होते. पुढे झिरपणीच्या सिद्धांताने त्याला तात्त्विक रूप दिले, इतकेच.

जोतीरावांनी अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस फेरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. ती शाळा टिकली नाही. १८५१-५२ मध्ये नव्याने मुलींच्या शाळा निघाल्या. महार, मांग आदी अस्पृश्य गणलेल्यांच्या मुलांसाठीही स्वतंत्र शाळा उघडली गेली. वाचन, व्याकरण, अंकगणित, भूगोल हे विषय शिकवले जात आणि परीक्षा सार्वजनिक रीतीने, मोठ्या जनसमुदायापुढे घेतल्या जात. त्या काळी मुलींना जुजबी अक्षरओळख व थोडा नीतिबोध पुरे, असे सुधारकांतही अनेकांना वाटत असे. हे ध्यानात घेतले म्हणजे या जाहीर परीक्षांचे धाडस लक्षात येते.

आता निबंधाकडे वळू. त्याच्या शीर्षकातील 'दुःख' या शब्दाने वाचकांची काहीशी दिशाभूल केली आहे. त्यातील आक्रोश सर्वांना ऐकू येतो. त्यातील युक्तिवाद फार थोड्यांनी तपासला आहे. वेद ही आपलीच मालमत्ता असल्याचे ब्राह्मण म्हणतात, हे प्रतिपक्षाचे विधान मुक्ता खोडून काढत बसत नाही. ती ते मान्य करून पुढे नेते : तसे असेल तर आम्हांला धर्मग्रंथ नाही, ग्रंथ नाही तर धर्म नाही, मग आमचा धर्म कोणता, असा थेट प्रश्न ती देवालाच विचारते. प्रतिपक्षाच्याच गृहीतकातून त्याला अडचणीचा निष्कर्ष काढण्याची ही रीत निव्वळ अक्षरओळखीने येत नाही. तिला सराव लागतो, आणि सराव देणाऱ्यास विद्यार्थिनीच्या बुद्धीवर भरवसा लागतो. त्यानंतर ती पेशवाईतील छळाचे दाखले देते, इमारतींच्या पायांत जिवंत गाडल्या गेलेल्यांचे स्मरण करते, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांचे हाल सांगते आणि शेवटी आपल्याच लोकांना ज्ञानाकडे वळण्याचे आवाहन करते. तत्त्व, इतिहास, प्रत्यक्ष अनुभव आणि आवाहन असा हा क्रम आहे. मिशनरी वादविवादाची व प्रार्थनेची छाया त्यावर आहे हे खरे. परंतु बाळंतिणीचा दाखला कोणत्याही मिशनरी पुस्तिकेतून येण्यासारखा नाही.

तुलनेसाठी अमेरिकेतील दोन उदाहरणे उपयोगी पडतात. फिलिस व्हीटली या गुलाम तरुणीचा काव्यसंग्रह १७७३ मध्ये लंडनला निघाला, तेव्हा कविता तिच्याच आहेत अशी ग्वाही बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांनी द्यावी लागली. फ्रेडरिक डग्लस याचे आत्मकथन १८४५ चे. त्याला वाचायला शिकवणाऱ्या मालकिणीस मालकाने रोखले आणि पुढचे शिक्षण त्याला चोरून घ्यावे लागले. मुक्ता उघड्यावर, शाळेत, समवयस्कांसोबत शिकली. एकाकी प्रतिभेचा चमत्कार म्हणून तिच्याकडे पाहिल्यास हा भेद हरवतो. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना अर्पण केला, तो या साम्याची जाण ठेवूनच.

सरकारी शाळांत मात्र दार बंदच होते. निबंधानंतर वर्षभरातच, १८५६ मध्ये, धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारने त्यात हस्तक्षेप केला नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातील व प्रशिक्षित असावेत आणि त्यांचा पगार कोणत्याही परिस्थितीत दरमहा बारा रुपयांहून कमी नसावा, असा आग्रह धरला. मुलांकडून काही अपेक्षावयाचे तर शिक्षकाची प्रतिष्ठा आधी सांभाळली पाहिजे, हा हिशेब त्यात उघड दिसतो.

या शाळेभोवतीचे लेखन अल्पावधीतच अवतरले. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' १८५४ चा, जोतीरावांचे 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चे आणि मुक्ताचा निबंधही १८५५ चाच. यांपैकी नाटकाचा विषयच शिक्षण हा आहे. भटाने नाडलेले कुणबी जोडपे अखेरीस शाळेत जाण्याचे ठरवते. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते, तेथे ते स्वीकारले गेले नाही. ते छापून प्रसिद्ध झाले १९७९ मध्ये, विद्यार्थिनीच्या निबंधानंतर १२४ वर्षांनी.