सिमल्याची एकेरी वाट

मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८च्या दहशतवादी हल्ल्याबद्दल बोलताना ‘गुप्तवार्ताच नव्हती’ असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीच्या अहवालातून वेगळे चित्र दिसते. ऑगस्ट २००६पासून केंद्राकडून महाराष्ट्राला २६ सूचना आल्या होत्या. काहींत समुद्रमार्गाचा उल्लेख होता आणि ताज हॉटेलचे नावही होते. म्हणजे माहिती होती आणि ती मंत्रालयात पोचलीही होती. तिथून ती नेहमीच्या टपालासारखी पुढे सरकली. या टपालवृत्तीचे मूळ मात्र मुंबई पोलिसांच्या आळसात शोधू नये. ते फार जुने आहे.

१८८७ साली ठगी आणि डकैती खात्याच्या आश्रयाने सिमल्यात मध्यवर्ती स्पेशल ब्रँच निघाली. प्रांतोप्रांतीच्या पोलिसांनी ऐकावे, टिपावे आणि वर पाठवावे, अशी ही रचना होती. गणेशोत्सवातल्या मेळ्यांत कोणती पदे म्हटली गेली, टिळक सभेत काय बोलले, असल्या नोंदींचे गोषवारे तयार होत. (पुढे मुंबई सरकारने याच दप्तरांतून स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने छापली, हेरांनी इतिहासकारांची सोय करून ठेवली म्हणायची.) एवढी टिपणे होऊनही २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेलीच. नजर नामांकित पुढाऱ्यांवर होती, गोळी झाडणाऱ्या चापेकर बंधूंवर नव्हती. १९०४मध्ये या शाखेचे गुन्हे गुप्तवार्ता खाते झाले, १९२०मध्ये इंटेलिजन्स ब्युरो. राज्यघटनेने पोलीस राज्यांकडे दिले, मध्यवर्ती गुप्तवार्ता केंद्राकडे ठेवली. माहिती वर नेणारी वाट शाबूत राहिली. वरून आलेल्या कागदावर खालच्याने उलट प्रश्न विचारावा, अशी सोय तिच्यात कधी नव्हतीच.

यावर पोलिसांचा युक्तिवाद असा, की सूचनांत ना तारीख होती ना वेळ; रोजचा बंदोबस्त सोडून किती इशाऱ्यांमागे धावायचे? तक्रार खोटी नाही, पण तारखेसकट इशारा क्वचितच मिळतो. अर्धवट माहितीला स्थानिक तपशील जोडूनच ती कामाची होते. हल्ल्याच्या संध्याकाळी मुंबईत बधवार पार्कजवळ हवेच्या बोटीतून उतरलेल्या अनोळखी तरुणांना कोळ्यांनी हटकले होते. समुद्रमार्गाच्या सूचनांचा अर्थ त्या वस्तीत आधी कोणी सांगितलेला नव्हता. केंद्राचे म्हणणे असते, की सगळे सांगितले तर खबऱ्या उघडा पडेल. खबऱ्याचे नाव जरूर झाकावे. पण माहिती किती भरवशाची आणि तिच्यावर काय करणे अपेक्षित आहे, हे झाकल्याने कोण वाचते?

२००१मध्ये दिल्लीत निरनिराळ्या यंत्रणांची गुप्तवार्ता एकत्र आणणारे मल्टी एजन्सी सेंटर स्थापन झाले, ३१ डिसेंबर २००८च्या आदेशाने त्याला बळ मिळाले आणि राज्यांच्या राजधान्यांत त्याच्या शाखा निघाल्या. हा बदल खरा होता. तरीही १३ फेब्रुवारी २०१०ला पुण्यात जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जण गेले. इशारा जवळच्या छबाड हाऊसबद्दल आणि ओशो आश्रमाबद्दल आधीच आला होता. नेमक्या जागांना पहारा मिळतो, आसपासच्या गर्दीचा विचार स्थानिक ठाण्यालाच करावा लागतो. २०१२मध्ये केंद्र सरकारने इंटेलिजन्स ब्युरोच्या अखत्यारीत राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची घोषणा केली, तेव्हा त्याच्या अटकेच्या अधिकारावरून ममता बॅनर्जी, नवीन पटनायक, जयललिता, नरेंद्र मोदी असे परस्परविरोधी मुख्यमंत्री एका बाजूला उभे राहिले. गुप्तवार्ता गोळा करणाऱ्या यंत्रणेच्या हाती अटक देऊ नये, हा त्यांचा आक्षेप मला रास्त वाटतो. योजना बारगळली. मात्र अटक कोणी करायची यावरच सगळा वाद झडला. ठाण्यातल्या वरिष्ठ निरीक्षकाने आलेल्या सूचनेबद्दल शंका विचारायची ती कोणाला, हे त्या वादात कोणी काढले नाही.