एकोल नॉर्माल
फ्रान्समधील शिक्षक-प्रशिक्षणाची आद्य राष्ट्रीय संस्था. नॅशनल कन्व्हेन्शनच्या ठरावान्वये (१७९४) स्थापन होऊन ती २० जानेवारी १७९५ रोजी पॅरिस येथे सुरू झाली. लाग्रांझ व लाप्लास (गणित), बेर्तॉले (रसायनशास्त्र), दोबांताँ (निसर्गेतिहास), व्हॉल्ने (इतिहास) असे थोर अध्यापक तिला लाभले. मेझ्येरच्या लष्करी विद्यालयात गुप्त राखलेली वर्णनात्मक भूमिती माँझ यांनी येथे उघडपणे शिकविली. व्याख्याने लघुलेखकांकरवी टिपून छापली जात. सुमारे १,४०० विद्यार्थ्यांत पुढे ख्याती पावलेले गणितज्ञ फूर्ये होते. तथापि आपापल्या जिल्ह्यांत परतून शिक्षक तयार करावयाचे, या हेतूने आलेल्या अनेकांना ही व्याख्याने पेलली नाहीत. अध्यापनपद्धतीकडे प्राध्यापकांचे जवळजवळ दुर्लक्षच झाले. मे १७९५ मध्ये संस्था बंद पडली. नेपोलियनने १८०८ मध्ये तिची पुनःस्थापना केली.