शीव कोणाला ठाऊक होती?

दरवर्षी 17 सप्टेंबरला हिंगोलीत झेंडावंदन होते, भाषणे होतात. त्या भाषणांतला इतिहास साहसाचा असतो. तो खोटा नाही. 1947-48 साली पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे राज्य होते आणि पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर कॅम्प उघडले. तरुण रात्री हद्द ओलांडून येत आणि निजामाच्या ठाण्यांवर हल्ले करीत. उमरखेड कॅम्पच्या तुकडीने 30 जानेवारी 1948 रोजी नांदेडकडील उमरीची बँक लुटली आणि वीस लाखांहून अधिक रक्कम लढ्याच्या हवाली केली. वापटीचे बहिर्जी शिंदे याच लढ्यात हुतात्मा झाले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे.

पण या वीरांना अंधारात वाट कोणी दाखवली?

गावाची शीव ठाऊक असणे हे महाराचे वतनी काम. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष, परगावी निरोप त्याने न्यायचा, सरकारी माणसाला पुढच्या गावापर्यंत त्यानेच पोचवायचे. माझी आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. ती सांगे, "बापाला दोन्हीकडून हाक यायची. कॅम्पवाले यायचे, रझाकार यायचे. नाही म्हणायची सोय नव्हती." वतनी वेठ ती हीच. फक्त आता तिच्यात जिवाची भीती मिसळली होती.

ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याने कोणाचे स्वातंत्र्य आपले मानायचे? निजामही स्वातंत्र्यच मागत होता, हे विसरले जाते. जून 1947 मध्ये त्याने हैदराबाद स्वतंत्र राहील असे जाहीर केले. दलितांसाठी एक कोटीचा निधी ठेवला. बी. एस. व्यंकटराव लायक अलींच्या मंत्रिमंडळात गेले. श्यामसुंदर तर सप्टेंबर 1948 मध्ये निजामाच्या शिष्टमंडळातून पॅरिसला, सुरक्षा समितीपुढे गेले. त्यांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. त्यांचा हिशेब चुकला, परंतु तो हिशेब करायला त्यांना सवर्ण गावानेच भाग पाडले होते.

बाबासाहेबांनी मात्र नोव्हेंबर 1947 च्या निवेदनात निजामाची बाजू घेऊ नका, असे स्पष्ट बजावले. धर्मांतराच्या सक्तीचा प्रश्नही त्यांनी त्याच निवेदनात मांडला. संस्थानाबाहेर राहून त्यांना जे दिसत होते, ते कळमनुरीच्या एखाद्या महारवाड्यातून दिसणे कठीण होते. त्यांचा शब्द तिथवर पोचायला माणूस लागे, आणि माणूस रात्रीच्या वेठीत अडकलेला.

13 सप्टेंबर 1948 ला फौजा शिरल्या, 17 ला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर गावोगाव सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने हैदराबाद संस्थानात 27 ते 40 हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज केला, त्यांत बहुसंख्य मुसलमान; सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड होते. झेंडावंदनाच्या भाषणात हा आकडा मी अद्याप ऐकलेला नाही.

यंदा वर्गातल्या मुलांना मी सांगितले, घरातल्या नव्वदीच्या माणसाला त्या वर्षाविषयी विचारा. एका मुलीने लिहून आणले: पणजोबा रात्री जाताना घोंगडी उलटी पांघरत, म्हणजे कोण जातो ते ओळखू येऊ नये.